सगळे नळ बंद करून

घरात पाणी पुरेनासं झालं, तर तुम्ही आधी नळ तपासाल की आधी सुनेला बोल लावाल? खरं सांगा.

आत्या नळ तपासते. नवऱ्याच्या माघारी पाना हाती घेऊन तिने अख्ख्या वस्तीचे नळ दुरुस्त केले. आता घरकामगार बायांच्या संघटनेचं ऑफिस तिच्याकडे आहे. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, दोन बाकं, एक डेस्कटॉप. त्याचं इंटरनेट रखडायला लागलं आणि अध्यक्षांनी थेट आत्याच्या भाचीवर बोट ठेवलं.

"पोरगी सिनेमे उतरवते. उद्यापासून कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

बायांचे तक्रारअर्ज टाइप करणारी ती एकटी. तिचे डोळे भरले, आत्याचं डोकं तापलं.

"रडतेस काय? तारेतून काय वाहतंय ते बघता येत नाही का?"

"येतं. तसा प्रोग्राम असतो, फुकट."

दोघी बसवायला बसल्या. मध्येच त्या प्रोग्रामने पडद्यावर आणखी एक जोडप्रोग्राम टाकू का विचारलं. आत्याने त्यापुढची होकाराची खूण काढायला लावली. "एका फुकट्यामागे दुसरा नको." झालं, प्रोग्राम चालू केला तर पडदा कोराच. तार ऐकणारा कान तो जोडप्रोग्रामच होता, आणि आत्याने तोच बाहेर ठेवलेला. "बरं बाई, घे त्यालाही आत," ती पुटपुटली.

मग ओळी धावू लागल्या.

"वाचता येतात?"

"मजकूर कुलपात आहे. पण कुठे, किती जातंय ते कळतं."

"पुरे. आता एकेक नळ बंद कर."

ब्राउझर बंद, मेल बंद. ओळी धावतच होत्या, आणि सगळा ओघ बाहेरच्या दिशेने. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारचा, पडद्यावर रोज नवं चित्र लावणारा प्रोग्राम बंद केला. ओघ आटला. मग अधूनमधून एखादीच ओळ, टपकत्या नळासारखी.

मीटिंगला बाया जमल्यावर आत्याने सगळ्यांसमोर तो चालू-बंद करून दाखवला.

"अध्यक्ष, हा कुणी टाकला?"

"मीच. चित्रं छान येतात म्हणून."

"येतात थोडी, जातं फार. काय जातं देव जाणे. आणि नाव हिचं."

अध्यक्षांनी तो स्वतःच्या हाताने काढला, भाचीसमोर उभे राहिले. "चुकलो, पोरी. बस जागेवर."

भाची बसली. आत्या मागे उभी, मान अशी ताठ की जिन्याला डोकं लागावं.

तेव्हा तुम्हीही एक करा. घरातल्या पोरीवर बोट ठेवण्याआधी सगळे नळ बंद करून बघा.