पाणमांजराचं पाचवं पिल्लू

कचेरीत तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे, आणि हे नाव तिने स्वतःच्या करणीने कमावलं होतं. बसल्या जागी पाय हलत असायचा आणि डोळे काहीतरी मोजत असायचे. चहा आला तरी आधी कप मोजणार, मग उचलणार. मुलांच्या जुन्या चित्रकथा पुन्हा छापणाऱ्या त्या कचेरीत तिला नेमलं होतं चुका पकडायला, त्यातही आकड्यांच्या. हसऱ्या-खेळत्या प्राण्यांच्या त्या गोष्टींत आकड्यांचा असा सावळागोंधळ असतो की शहाण्या माणसाला घेरी यावी. अस्वलाच्या दारावर बारा नंबर, फिरून परत येईपर्यंत त्याचा एकवीस झालेला. कासवाचा शंभरावा वाढदिवस तीनदा साजरा झालेला. बदकाच्या हाताला एका चौकटीत तीन बोटं, तर पुढच्या चौकटीत चार. बदकाला मुळात हात कसा, हे मात्र विचारायचं नाही. ते तिच्या कामात बसत नव्हतं.

या सगळ्या चुका ती हसत हसत दुरुस्त करायची. पण यंदा पाणमांजराच्या कुटुंबाचा जाडजूड संग्रह काढायचं ठरलं आणि बाईंचं हसणं बंद झालं.

पाणमांजराचं कुटुंब तिच्या मामांनी जन्माला घातलेलं. प्रत्येक गोष्टीच्या पहिल्या चौकटीत लिहिलेलं असायचं, 'नदीकाठी राहायचे पाणमांजरबाई, तिचा नवरा आणि त्यांची चार पिल्लं.' चित्रात बघावं तर कधी चार आणि कधी पाच. संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवून निकाल दिला, "लिहिलंय चार, तर चारच. पाचवं सगळीकडून पुसून टाका. वाचक म्हणतील, यांना मोजता येत नाही."

"बघते," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाशी आली. पण पुसायला हात लावला नाही.

कारण ते पाचवं पिल्लू म्हणजे ती स्वतः, असं तिने लहानपणापासून धरून ठेवलं होतं. आई गेली तेव्हा तिला नीट चालताही येत नव्हतं. वडिलांनी दुसरा संसार थाटला आणि हिला मामाच्या घरी सोडलं ते कायमचं. मामांना स्वतःची चार मुलं. कोणी पाहुणा आला आणि "मुलं किती?" म्हणाला की मामा सांगायचे, "चार. आणि ही." ते 'आणि ही' तिच्या मनात कुसळासारखं रुतलं होतं. माणूस उगाच मोजणीबाई होत नाही.

मामी तर कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. जवळ घेणं, कुरवाळणं तिच्या गावीही नव्हतं. त्यामुळे मामांच्या चित्रकथा छापणाऱ्या मासिकात पहिल्यांदा ते पाचवं पिल्लू दिसलं तेव्हा पोरीने मनाशी पक्कं केलं, मामांनी मला मोजलंय. तोंडाने बोलत नाहीत, पण चित्रात मोजतात. तेवढ्या एका चित्रावर ती त्या घरात वाढली.

आता मामा नव्हते. मामीकडच्या पेटीतून आणलेली मूळ पानं तिच्यासमोर होती आणि तिनेच आता त्या पिल्लाला पुसायचं होतं. निदान एकदा डोळे भरून बघू, म्हणून तिने भिंग घेतलं.

त्या घरात कामाची वाटणी ठरलेली असायची. मामा निळ्या पेन्सिलीने चित्र काढायचे आणि मामी त्यावर ब्रशने काळी शाई फिरवायची. निळी रेघ छपाईत उमटत नसे, म्हणून ती कोणी खोडतही नसे. भिंगाखाली सगळं लख्ख दिसत होतं. आईच्या काळ्या रेघेखाली निळी रेघ होती, बापाच्या होती, चारही पिल्लांच्या होती. पाचव्या पिल्लाखाली कोरा कागद होता. तिने दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. तेच. मामांनी ते पिल्लू कधी काढलंच नव्हतं.

इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट अशी भर दुपारी, ऑफिसच्या खुर्चीत, हातातून निसटली. मग जिवाला चैन पडेना. खिडकीशी जा, परत ये, पाणी पी, पुन्हा तेच पान बघ. शेजारचा रंगारी वैतागून म्हणाला, "बाई, बसा तरी, नाहीतर बाहेर तरी जा." ती बाहेर पडली. पानं पिशवीत घातली आणि तडक मामीचं घर गाठलं.

मामी गॅलरीत शेंगा सोलत बसली होती. हात थरथरत होते, पण काम सोडेल ती मामी कसली!

"हे पाचवं कुणी काढलं?" हिने उभ्या उभ्याच पान पुढे केलं.

मामीने पान लांब धरून पाहिलं. "अगं, शाई सांडायची. डाग पडला की मी त्याचं पिल्लू करायचे. पान फुकट कशाला घालवायचं?"

"मामी, तुझ्या हातून उभ्या जन्मात एक थेंब सांडलेला मी पाहिला नाही."

"तुझ्या मामांना हेच सांगितलं होतं. त्यांना पटलं."

"मला नाही पटत."

मामीने शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "ते 'चार, आणि ही' म्हणायचे ना, ते मला आवडायचं नाही. चारचौघांत नवऱ्याला काय बोलणार? मग माझ्या हातात ब्रश असायचा तेव्हा मीच काढायचे तुला. मुकाट्याने."

तिला एकदम रडूच फुटलं. ज्या माणसावर आयुष्यभर प्रेम केलं त्याने मोजलं नव्हतं, आणि जिच्यापासून चार हात लांब राहिली तिने मोजलं होतं. हा हिशेब पेलणं तिला जड गेलं. पण मोजणीबाईच ती, डोळे पुसता पुसता तिने पिशवीतून आणखी एक पान काढलं. त्यात सगळं कुटुंब नावेत बसून नदीत फिरायला निघालं होतं. आई, बाप आणि चार पिल्लं.

"मग काही ठिकाणी मी का नाही?"

"बऱ्याचदा जागा नसायची. कधी घाई असायची." मामी त्या नावेकडे बघत राहिली. "हे पान मात्र आठवतं. तू शाळेतून आलीस, दप्तर फेकलंस. मी जेवायला हाक मारली तर म्हणालीस, तू माझी आई नाहीस, मला हाका मारू नकोस. त्याच दिवशी हे पान शाईला आलं होतं. ब्रश दोनदा बुडवला बघ. पण मनात आलं, आपण कोण हिला आपल्या नावेत बसवणारे?"

तसं आपण बोललो होतो हे तिला आठवतही नव्हतं. मामीला मात्र तेव्हा ब्रश किती वेळा बुडवला तेही आठवत होतं.

ती आत गेली. कपाटातून शाईची बाटली आणि बारीक ब्रश शोधून आणला आणि पान मामीच्या पुढ्यात ठेवलं. "आता काढ."

"वेडी का तू? हात बघ माझा. आणि तुझे ते संपादक?"

"त्यांना मी सांगते, पाच आहेत. लिहिलेलं चुकलंय. तू काढ."

मामीने नाही नाही म्हणत चष्मा लावला. ब्रश शाईत बुडवला आणि कागदावर कुठे टेकवावा ते बघू लागली. नावेत गर्दी होती. फक्त टोकाला जराशी जागा मोकळी होती. भाचीने तिथे बोट ठेवलं. "इथे बसेल."

"तिथे नको," मामी म्हणाली, "पडेल ना ती." आणि पाणमांजरबाईच्या मांडीवर, तिच्या आधीच्या सगळ्या रेघा मोडून, ती कापऱ्या हाताने पिल्लू काढायला लागली.