सायबाचं जनावर

गव्हाणच्या रंभेला ते जनावर दिसलं भरदुपारी. स्वातंत्र्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. ती खाडीकाठी सरपणाला गेली होती. तिवरांच्या झाडीपुढे चिखलात ते उभं होतं. वासराएवढं, अंगावर केस नाही, पुढचे पाय आखूड, मागचे लांब. त्याने तिच्याकडे पाहिलं, माणसासारखा सुस्कारा टाकला आणि झाडीत शिरलं.

मोळी टाकून रंभा पळत घरी आली आणि अंगणातच सगळं बोलून गेली.

कंपनी सरकारच्या काळात एका गोऱ्या साहेबाने बंदूक घेऊन या जनावरापायी सगळी खाडी पालथी घातली होती म्हणे. साहेब हात हलवत परत गेला आणि गावात पटकी आली. तेव्हापासून ते सायबाचं जनावर. ज्याला दिसेल त्याच्या मागून रोगराई येते, असं जुनी माणसं सांगत. आणि त्याच आठवड्यात शेजारची पोरं तापाने फणफणली. रंभेच्या सासूने, शांतीने, तिला पेंढ्याच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

जेवणाची ताटली दाराखालून आत सरकायची. संध्याकाळी नवरा, दादू, मिठागरावरून येऊन दाराशी बसायचा.

“रंभे, तरस व्हता असा सांग. आई कडी काढंल.”

“तरस मना वलखता येत नाय? त्यो तरस नव्हता.”

“मंग बस आतच.”

पेंढ्याच्या धुळीने तिचा जीव घुसमटायचा. अंगणात तिची तान्ही आधी रडायची, मग रडेनाशी झाली. काही महिन्यांनी एका सकाळी पोरगी बोबडं बोलली, “आई.” शांतीने ओ दिली.

रंभेने दारावर दोन्ही हात आपटले. “तरस व्हता! तरसच व्हता!” साऱ्या आळीने ऐकलं. कडी निघाली. पोरगी मात्र शांतीच्या लुगड्यामागे लपली.

पुढे पनवेलच्या बाजारात सुकट विकताना बायका तिला ‘तरसाला भ्यालेली’ म्हणून हसायच्या. तीही हसायची. खाडीकडे परत गेली नाही.

पुष्कळ वर्षांनी एका दुपारी दादू मिठागरावर फावडं टाकून घरी आला. घामाने निथळत होता.

“रंभे, फुडचे पाय आखूड...”

म्हातारी शांती ओटीवर डुलकी घेत होती. रंभेने त्याच्या तोंडावर हात दाबला. “आनखी कोनाला ठाव हाय?”

त्याने मान हलवली. नाही.

“मंग पोटातच ठेवा.”

तिच्या बोटांआडून तो बोलतच राहिला. तिने एकदा तरी ‘व्हय’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याचे ओठ थांबेपर्यंत तिने हात काढला नाही.