जीपमधलं तिसरं माणूस

कसं सांगू, माझी मलाच लाज वाटते! पण तुम्ही घरचेच. आधी ते चहाचे कप खाली ठेवा, उगाच अंगावर सांडाल.

मुरबाडला आमच्या ख्रिस्ती संस्थेचं शिवणकेंद्र आहे. कापड आणते मी, बायकांना शिकवते मी, मशीन अडली तर तेलपाणी करते मी. आणि केंद्रप्रमुख कोण? ब्रदर शिमोन! सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी ज्यांना आधी प्रार्थना करावी लागते, ते. का? तर पुढारपण पुरुषाचं आणि मदत बाईची, असं आमच्या कमिटीचं ठाम मत. कमिटीत सगळे पुरुषच, हे वेगळं सांगायला नकोच.

यंदा मी हट्टच धरला. प्रमुख मला करा! शेवटी पास्टर वैतागून म्हणाले, "शहापूरला कमिटीची मिटिंग हाय. तुमचं तुमी बोला, सिस्टर." बाईने कमिटीपुढे बोलायचं, हे आमच्याकडे पहिल्यांदाच. आठवडाभर मी गोठ्यात म्हशीपुढे भाषणाची तालीम केली. तिने एकदाही हरकत घेतली नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी एसटी हुकली. समोर पास्टरांची जीप, अख्खी रिकामी, निघालेली शहापूरलाच. मी दार उघडलं, तर पास्टर टुणकन खाली उतरले!

"सिस्टर, नियम ठाऊक हाय ना? गाडीत पुरुष आनि परकी बाई, दोघंच नाय बसायचं. तिसरं माणूस पायजे. साक्ष खराब होते, लोक नावं ठेवतात."

एरवी ते तिसरं माणूस म्हणजे पास्टरांची बायको. तिला ताप. अहो, पास्टर साठीचे, माझे गुडघे कामातून गेलेले. मोहात पडलोच असतो, तर आम्हाला उचलायला तरी तिसरं माणूस लागलंच असतं म्हणा!

"थांबा, मी आणते," मी म्हटलं आणि तिथेच माती खाल्ली. स्टँडबाहेर जाऊन खड्या आवाजात ओरडले, "किन्हवली, शहापूर! चला, शहापूर!"

एक माणूस हवं होतं हो मला! एकच! पण त्या रस्त्याला गाड्यांचा दुष्काळ. बघता बघता चार बायका घुसल्या, पोतं घेऊन दोन बाप्ये घुसले, लेकीकडे निघालेली एक आजी कोंबड्यासकट चढली. मी "पुरे, पुरे" म्हणतेय, तर आजी मलाच दटावते, "पुरे काय गो? अजून दोन बसतील. सरका रे!"

पास्टर रागावतील असं वाटलं होतं. छे! त्यांचा चेहरा उजळला. एवढे श्रोते, तेही चालत्या गाडीत! उठून जाणार कुठे?

पुढे एक जागा उरली. मी पाय टाकला, तर पास्टर म्हणाले, "नाय सिस्टर, माझ्या बाजूला बाई बरी नाय दिसत." तिथे पोतंवाला बसला. मागे पाहिलं, तर म्हणे परक्या बाप्याला खेटून सिस्टरांनी बसणं शोभत नाय.

"तुमी मागून या!" म्हणाले आणि जीप सुटलीसुद्धा. आतून आजी ओरडतेय, "अरे थांबव, कंडक्टरीण राहिली!"

खरं सांगते, भर रस्त्यात मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत एकदा बोलायला मिळणार होतं, आणि ती संधी मीच माणसं भरभरून शहापूरला धाडून दिली.

दुधाच्या टेम्पोतून पोचले, तेव्हा मिटिंग आटोपली होती. ब्रदर शिमोन प्रमुख म्हणून कायम. कारण? "सिस्टरांना वेळेवर पोचता येत नाय, एवढी जबाबदारी कशी पेलणार?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अध्यक्ष हसून म्हणाले, "पण सिस्टर, पास्टरांनी आमाला सगळं सांगितलं. हाक मारून माणसं जमवायचं दान देवाने तुमाला दिलंय! पुढच्या सभेला फाटकावर तुमीच उभ्या राहा. आतलं बोलणं ब्रदर लोक बघतील."

म्हणजे आत बोलायला बंदी, बाहेर ओरडायला नेमणूक! तिथेच कडाडून भांडायला हवं होतं की नाही? भाषण तर तोंडपाठ होतं.

आणि मी काय विचारलं असेल?

"किती वाजता येऊ?"