आपल्याच संघाविरुद्ध पेनल्टी

मंगल आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी झरीच्या मैदानावर पोरींचा सराव घेत होते. हृदयविकाराचा झटका, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं... महिना उलटून गेला, पण तिच्याबद्दल लिहायला बसले की आधी तो सामना डोळ्यांसमोर येतो.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, गावातल्या शाळेत खेळाची शिक्षिका. मुलींचा फुटबॉल संघ तिनंच उभा केला. मी गोलकीपर होते. चषकाच्या अंतिम सामन्यात समोर ताडकळसच्या मुली होत्या. पंचांची गाडी वाटेत बंद पडली, सामना रद्द व्हायची वेळ आली. तेव्हा ताडकळसचे सरच म्हणाले, "बाई, तुमीच घ्या शिट्टी. आमचा भरोसा हाय तुमच्यावर."

बरोबरी चालली होती. सामना संपत आला असताना गोलसमोरच्या गर्दीत आमच्या वैशालीनं हातानं चेंडू अडवला. ताडकळसच्या एकीनंही दाद मागितली नाही, कुणाला दिसलंच नव्हतं. आत्यानं शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या खुणेकडे बोट केलं. मी तिच्याकडे बघतच राहिले. "जागेवर जा," एवढंच ती म्हणाली. मी उजवीकडे झेपावले, चेंडू डावीकडून आत गेला. आम्ही हरलो.

पालकांनी तिला घेरलं. वैशालीचे वडील तर लय तापले होते. "आपल्याच पोरींवर शिट्टी? कुणाला दिसलं बी नव्हतं!"

"मला दिसलं ना, दादा," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरावाला दोघी-तिघीच आलो. आत्यानं आमचा सराव पुरा घेतला आणि संध्याकाळी ती घरोघर फिरली. वैशालीच्या अंगणात बसून म्हणाली, "पोरगी चुकली, शिक्षा झाली, विषय संपला. खेळती मातर झकास. उद्या पाठवा." तेवढ्यात वैशालीच बूट हातात घेऊन बाहेर आली. "मी येते, बाई." तिच्यामागं एकेक करून सगळ्या परतल्या. पुढच्या वर्षीही चषक काही मिळाला नाही. पण आसपासच्या गावांचे संघ आपणहून झरीत खेळायला यायला लागले.

सामना संपला की आत्या आधी समोरच्या संघाकडे जायची, कुणाला लागलंय का विचारायची, मग आमच्याकडे यायची. जिंकल्यावर तर आम्हाला तिचा राग यायचा... गेल्या रविवारी आम्ही जिंकलो. पोरी नाचत माझ्याकडे धावल्या. मी मैदान ओलांडून समोरच्या संघाच्या रडणाऱ्या गोलकीपरजवळ बसले. "कुठं लागलं गं?" म्हणत वर बघितलं, तर आमच्या पोरी नाच थांबवून माझ्यामागून येत होत्या.