तांदळज्यावरचे लेबल

हेरंब चित्रे पाणीगेटजवळच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटलीवर लेबल सरळ चिकटवणे एवढीच त्यांची मिजास. दवाखान्यामागच्या विहिरीशी त्यांनी तांदळज्याचा वाफा केला होता.

चार घरची भांडी घासणाऱ्या दुर्गाबाईला दिवेलागणीनंतर दिसेनासे होई. संध्याकाळची कामे सुटू लागली होती. पोटात हिरवे काही जात नाही, असे डॉक्टर म्हणाले. चित्रे तिला रोज एक जुडी देऊ लागले.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी ती आली, ती उंबऱ्याला अडखळूनच.

"भाजी खाता ना?" चित्र्यांनी विचारले.

"होय की. घरात सगळ्यांना आवडते."

"तुमच्या वाट्याला किती येते?"

"कढई पुसून घेते भाकरीनं."

भाजी सगळ्या घराची असते, पण दुसऱ्याच्या औषधाला कोणी हात लावत नाही. चित्र्यांनी एक जुडी कागदात गुंडाळून वर लेबल चिकटवले: दुर्गाबाई. दिवसातून दोनदा. इतरांनी घेऊ नये. पोरांसाठी दुसरी जुडी दिली, बिनलेबलाची.

"सासूबाई विचारतील, हे काय म्हणून."

"औषध आहे म्हणावं. दुसऱ्याला बाधतं."

सासूबाईंनी पुडके देवाच्या फळीवर ठेवले आणि रोज समोर बसून सुनेला ती भाजी संपवायला लावली.

महिन्याभराने दुर्गाबाई तिन्हीसांजेला आली. कंदील अजून लागायचा होता. पुडके हातात घेऊन ती म्हणाली, "साहेब, आज लेबल तिरकं लागलंय."

चित्र्यांनी चष्मा पुसून पाहिले. तिरके होते. त्यांनी ते काढून सरळ लावून दिले.