दोन सूत जास्त

खाणीवर सगळे त्याला वाफोबा म्हणत. वाफेच्या जोरावर पाणी उपसणारं इंजिन त्या भागात पहिल्यांदा त्यानेच बांधायला घेतलं होतं, आणि ते चालेल यावर त्याच्याखेरीज फक्त त्याच्या बायकोचा विश्वास होता. तिलाही इलाज नव्हता म्हणा, बापाचा शब्द मोडून तिने त्याच्याशी लग्न केलं होतं.

बाप म्हणजे ते इंजिन घडत होतं त्याच कारखान्यातला साचे करणारा सुतार. तो लाकडात जे घडवी, तेच ओतारी लोखंडात उतरवत. म्हाताऱ्याच्या हाताला तोड नव्हती, पण जावयाशी त्याचं सूत काही जमलं नाही. चार वर्षं दोघं एकाच छपराखाली राबत होते आणि निरोप मात्र लेकीच्या तोंडून जात होते.

खाणीत पाणी भरलं होतं. शनिवारपर्यंत इंजिन चाललं नाही तर खाण बंद, असं मालकाने सांगून टाकलं होतं. साठ घरांच्या चुली त्या खाणीवर पेटत. अशात बुधवारी दोन फूट व्यासाचा सिलिंडर ओतून आला. वाफोबाने आत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सोडला. दट्ट्या चक्क खुळखुळत होता. माप घेतलं तर सिलिंडर दोन सूत जास्त, म्हणजे पाव इंच मोठा.

लोखंड गार होताना आटतं, फुटामागे सूतभर. तेवढी आटण धरून साचा मोठा करायचा, हे सुताराचं काम. पण रागाच्या भरात म्हातारा विसरला तर, म्हणून वाफोबाने गुपचूप नकाशातच दोन सूत वाढवली होती. म्हातारा कसला विसरतोय! त्याने आपली दोन सूत नेहमीसारखी धरलीच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

"एक शब्द बोलला असतात तर?" नकाशा ताडून पाहिल्यावर म्हातारा चार वर्षांत पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलला.

"चूक माझी आहे, मामा. तुमच्या हातावर विश्वास ठेवायला हवा होता."

म्हाताऱ्याने दट्ट्या आतल्या आत हलवून फट बोटाने चाचपली. नवा सिलिंडर ओतायला पंधरा दिवस लागले असते. जेवणाचा डबा घेऊन आलेली लेक सहज म्हणाली, की बरणीचं बूच सैल झालं तर ती त्याला चिंधी गुंडाळते. लोखंडाला लोखंडच भिडलं पाहिजे, असं वाफोबा म्हणणार, तोच म्हातारा बोलला, "चिंधी जळेल. तागाचा दोर घ्या, चरबीत भिजवलेला. दट्ट्याला खाच पाडा, गुंडाळतो मी."

वाफोबाने खाच पाडली. म्हाताऱ्याने दोर असा घट्ट बसवला, की नख शिरेना. शनिवारी सकाळी इंजिन धापा टाकत सुरू झालं, खाणीतलं गढूळ पाणी भसाभस बाहेर पडू लागलं आणि वाफोबा चारचौघांत रडला. म्हाताऱ्याने त्याला खांद्यावरचं फडकं दिलं. ते चरबीने माखलेलं होतं.

वाफोबाने पुढे बावीस इंजिनं बांधली. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तो एकच ओळ लिही: आटण मामांनी धरावी. म्हातारा गेला, तरी ओळ राहिली. नव्याने आलेल्या सुताराने ती वाचली आणि त्याला वाटलं, आपलीच थट्टा चालली आहे.

"साहेब, मामा कोण? की मलाच मामा बनवताय?"

वाफोबाने शेजारचं स्टूल पुढे ओढलं. "साचा करेल तो मामा. आता तुम्ही. बसा, आधी बोलून घेऊ."