गोणपाटाची एसटी

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हा मी जानेफळला मास्तरीण होते, आणि दुपारी गावातल्या बायकांना लिहा-वाचायला शिकवायची. त्यातल्या एकीची मुलगी मेहकरला दिलेली, तिचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल लहान, घरात दुसरी बाई नाही, म्हणून बाळंतपणाला आईनेच तिकडे जायचं होतं. इकडे हिचा नवरा सुगीत अडकलेला. हिचे सासरे म्हणाले होते, "एकटीनं मोटारीत बसता येत असन तर खुशाल जाय." ती एकटी कधी मोटारीत चढलीच नव्हती.

मग मी शाळेच्या अंगणातच एसटी उभी केली. विटांच्या सीटांच्या तीन गाड्या, वर गोणपाट. पाट्यांवर खडूने लिहिलं: मेहकर, चिखली, साखरखेर्डा. पाटी वाचायची, धावत आपली गाडी गाठायची, जागा धरायची. मी घंटेचे दोन टोले दिले की गाडी सुटली. पहिल्या दिवशी एक उठली तशा सगळ्या तिच्यामागे, अख्खा वर्ग चिखलीला. मी वैतागले आणि पाट्यांच्या जागा रोज बदलायला लागले. हळूहळू बायका वाचू लागल्या. ही तर सगळ्यांच्या आधी मेहकरच्या गाडीत.

एक दिवस सासरे बघायला आले. ही ऐटीत पुढच्या सीटवर. त्यांना पाहताच पदर ओढून उतरली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. सासऱ्यांसमोर बसायची रीतच नव्हती. बाकीच्याही उतरल्या. सासरे म्हणाले, "पाह्यलं ना बाई, हिले नाही जमत."

माझं डोकंच फिरलं. खरं तर रडू येत होतं. मी घंटा त्यांच्या हातात दिली. "मग तुम्हीच व्हा कंडक्टर."

म्हाताऱ्यांना घंटा भारी आवडली. थोड्याच वेळात ते सगळ्यांवर ओरडायला लागले. बाकीच्या पटापट बसल्या, सून तेवढी उभीच. "तुले काय येगळं सांगू? बस वं माय, गाडी सुटून राह्यली." ती बसली. मान खाली घालून, पण बसली.

ती निघाली त्या दिवशी मी मुद्दाम स्टँडवर गेले. पाटी तिने स्वतः वाचली, खिडकीशी जागा धरली. सासरे पोचवायला आले होते. ते खिडकीखाली आले तशी ती अर्धवट उठली.

सासऱ्यांनी काठीने पत्र्यावर दोनदा वाजवलं. "बस," म्हणाले.

ती बसली, आणि त्या दोन टोल्यांवरच ड्रायव्हरने गाडी काढली. आतला कंडक्टर चरफडला असणार. माझा मात्र जीव भांड्यात पडला.